नमनालाच घडाभर तेल: वेब सर्व्हरवरची कीप-अलाइव्ह कनेक्शनं

वेब सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये कीप-अलाइव्हच्या, म्हणजे एकदा उघडलेलं कनेक्शन पुढच्या मागण्यांसाठी उघडंच ठेवण्याच्या, दोन-तीन ओळी असतात. बहुतेक जण त्यांना हात लावत नाहीत आणि बऱ्याचदा ते खपूनही जातं. मग एखाद्या दिवशी गर्दी वाढते, साइट अडकते, आणि प्रोसेसर पाहावा तर निवांत. एरर लॉगही जवळपास कोरा. नवे लोक बाहेर ताटकळलेले, आणि आतले सगळे वर्कर आधी येऊन गेलेल्या ब्राउझरांची वाट बघत बसलेले. घोळ त्या दोन-तीन ओळींचा असतो.

त्या ओळी समजून घ्यायच्या तर एक कनेक्शन उघडायला किती खटाटोप लागतो, तिथून सुरुवात करावी लागेल.

ब्राउझरला एक चित्र हवं आहे. ते मागण्याआधी टीसीपीचा, म्हणजे दोन यंत्रांमधला संवाद सांभाळणाऱ्या नियमावलीचा, हँडशेक होतो: ‘बोलू का?’, ‘बोल, माझं ऐकू येतंय ना?’, ‘येतंय.’ यात निरोप तिकडे जाऊन परत येण्याची एक पूर्ण फेरी खर्ची पडते. साइट एचटीटीपीएसवर असेल तर वरून टीएलएसची, म्हणजे संवाद गुप्त ठेवणाऱ्या थराची, ओळखपाळख. २०१८ साली आलेल्या टीएलएस १.३ मध्ये तिला आणखी एक फेरी लागते, त्याआधीच्या १.२ मध्ये दोन. हे सगळं झाल्यावर कुठे ‘हे चित्र दे’ ही खरी मागणी निघते, आणि तिची स्वतःची एक फेरी असतेच.

एका फेरीला वेळ किती लागतो? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटर दूर असेल तर जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद लागणारच. सर्व्हर कितीही दणकट घेतला तरी त्यात घट होत नाही. म्हणजे टीएलएस १.३ धरूनही पहिलं चित्र ३०० मिलिसेकंदांनी येतं आणि त्यातले २०० नुसत्या नमनात जातात. पानावर अशा ३० लहान फायली असतील आणि प्रत्येकीसाठी नवं कनेक्शन उघडत एकामागून एक मागितल्या, तर ९ सेकंद लागतात. तेच कनेक्शन उघडं ठेवलं तर पहिल्या फाइलला ३०० आणि उरलेल्या २९ फायलींना प्रत्येकी १००, म्हणजे ३.२ सेकंद. ब्राउझर एकाच वेळी अनेक कनेक्शनं उघडतो, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे खाली येतात, पण त्यांच्यातली तफावत राहतेच.

यात आणखी एक खर्च लपलेला असतो. नवं टीसीपी कनेक्शन दबकत चालतं. रस्ता किती मोकळा आहे हे माहीत नसल्यामुळे ते सुरुवातीला साधारण १० पाकिटं, म्हणजे जेमतेम १४ किलोबाइट पाठवतं, पोच येईपर्यंत थांबतं, मग हळूहळू वेग वाढवतं. जुन्या कनेक्शनचा हा अंदाज बांधून झालेला असतो. (लिनक्सवर यात एक खोच आहे. कनेक्शन थोडा वेळ जरी गप्प राहिलं तरी डिफॉल्ट सेटिंगनुसार हा कमावलेला वेग सोडून दिला जातो. हँडशेक वाचतो, पण दबकणं पुन्हा पहिल्यापासून.)

म्हणून एक कनेक्शन उघडायचं आणि त्यावर एकामागून एक अनेक रिक्वेस्ट पाठवायच्या. हेच कीप-अलाइव्ह. सांगायला इतकं सोपं, तरी वेबच्या सुरुवातीला ते नव्हतं. १९९६ च्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजात नोंदलेल्या एचटीटीपी १.० ची रीत एका रिक्वेस्टला एक कनेक्शन अशी होती. ती वेडगळ नव्हती, उलट तिच्यात एक सोय होती. उत्तर कुठे संपलं हे ब्राउझरला कसं कळायचं? सर्व्हरने फोन ठेवला की संपलं! कनेक्शन उघडंच ठेवायचं म्हटल्यावर ही खूण गेली आणि उत्तराची लांबी आधी सांगणं भाग पडलं. ती ‘कन्टेन्ट-लेंग्थ’ हेडरमध्ये, म्हणजे उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या एका ओळीत, सांगतात, किंवा मग उत्तर तुकड्या-तुकड्यांनी पाठवून शेवटी शून्य लांबीचा तुकडा देतात. जानेवारी १९९७ मध्ये आलेल्या एचटीटीपी १.१ ने कनेक्शन उघडं ठेवणं हाच नियम केला. तोडायचं असेल तर ‘कनेक्शन: क्लोज’ असं स्पष्ट सांगायचं.

हा इतिहास आजही कामाला येतो. सेटिंग सगळी बरोबर आहेत, तरी दर उत्तरानंतर कनेक्शन तुटतंय असं दिसलं तर आधी बघा की ॲप्लिकेशनचं उत्तर लांबी सांगतंय का, किंवा तुकड्यांनी येतंय का. दोन्ही नसेल तर ‘संपलं’ हे सांगायला सर्व्हरकडे कनेक्शन तोडण्यावाचून मार्गच उरत नाही.

आता किमतीकडे वळू. उघडं पण गप्प कनेक्शन म्हणजे सर्व्हरने कोणासाठी तरी राखून ठेवलेली जागा. त्या जागेचं भाडं किती, हे सर्व्हर आतून कसा बांधलाय यावर ठरतं. दोन वेगळ्या सर्व्हरांची सेटिंग एकमेकांवर चिकटवणारे नेमके इथेच फसतात.

अपाचे या वेब सर्व्हरची जुनी प्रीफोर्क पद्धत घ्या. तिथे एका कनेक्शनला एक अख्खी प्रोसेस दिलेली असते. ब्राउझर पान घेऊन गप्प बसला तरी ती प्रोसेस त्याच्यासाठी अडकून राहते, आणि तिच्या पोटात पीएचपीसारखं काही भरलेलं असेल तर मेमरीचे मोठे लचके धरून राहते. अशा प्रोसेस किती असाव्यात याची मर्यादा डिफॉल्ट २५६ आहे. समजा दर सेकंदाला २० नवे लोक येतात. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका साइटशी ६ पर्यंत कनेक्शनं उघडतात. प्रत्येक कनेक्शन काम संपल्यावर ५ सेकंद उघडं राहिलं तर कोणत्याही क्षणी २० गुणिले ६ गुणिले ५, म्हणजे ६०० कनेक्शनं नुसती वाट बघत असणार. जागा २५६. अजून कोणाचं काम करायला सुरुवातही झालेली नाही आणि सर्व्हर भरलेला आहे! अपाचेच्या २.० आवृत्तीपर्यंत हा टाइमआउट, म्हणजे गप्प कनेक्शन उघडं ठेवण्याची मुदत, डिफॉल्ट १५ सेकंद होता. त्याने हाच हिशोब १,८०० वर जातो. पुढे तो ५ वर आणला. सगळे ब्राउझर सहाच्या सहा कनेक्शनं उघडत नाहीत, म्हणून हा हिशोब कमाल मर्यादेचा आहे, पण गर्दीच्या दिवशी गाठ या मर्यादेशीच पडते.

या हिशोबात फक्त एकच आकडा खरोखर तुमच्या हातात आहे, तो टाइमआउटचा. प्रीफोर्क वापरत असाल तर तो २ सेकंदांवर आणा. पान उघडताना लागणाऱ्या फायली ब्राउझर एका दमात मागतो. दोन सेकंदांत त्या मागून होतात आणि कीप-अलाइव्हचा बहुतेक फायदा तिथेच पदरात पडतो. वाचक पान वाचून पुढच्या दुव्यावर टिचकी मारेपर्यंत अर्धा-एक मिनिट जातं. तेवढा वेळ त्याच्यासाठी अख्खी प्रोसेस अडकवून ठेवणं परवडत नाही. त्याला पुन्हा एकदा हँडशेक करू द्या.

एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरचा हिशोब निराळा. तिथे एकच वर्कर हजारो कनेक्शनांवर नजर ठेवतो आणि ज्यावर हालचाल होईल त्याचं काम करतो. गप्प कनेक्शनसाठी थोडीशी मेमरी आणि यादीतली एक नोंद, एवढाच खर्च. म्हणून त्याचा डिफॉल्ट टाइमआउट ७५ सेकंद आहे, आणि सहसा तो बदलायची गरज पडत नाही. जागा खरंच संपायला आल्या तर एनजिनएक्स गप्प कनेक्शनं स्वतःच आधी बंद करतो. अपाचेनेही २.४ पासून ‘इव्हेंट’ ही पद्धत पक्की केली. तिच्यात वाट बघत बसलेली कनेक्शनं एका वेगळ्या थ्रेडकडे सोपवली जातात आणि काम करणारे थ्रेड मोकळे राहतात. तुमचा अपाचे अजून प्रीफोर्कवर असेल तर टाइमआउटच्या आकड्यावर डोकं शिणवण्याआधी इव्हेंटवर जाता येतं का ते बघा. पीएचपी वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवली तर बहुधा येतं.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. रिक्वेस्टचे हेडर मुद्दाम थेंबथेंब पाठवून सर्व्हर अडवून ठेवण्याचे हल्ले होतात. २००९ पासून गाजलेला स्लोलोरिस त्यातलाच. कीप-अलाइव्हचा टाइमआउट कमी केल्याने त्याला आळा बसत नाही, कारण हा टाइमआउट एक उत्तर संपल्यानंतर पुढची रिक्वेस्ट येईपर्यंतचा आहे. अर्धवट आलेल्या रिक्वेस्टसाठी वेगळी मर्यादा असते: अपाचेत ‘रिक्वेस्टरीडटाइमआउट’, एनजिनएक्समध्ये ‘क्लायंट_हेडर_टाइमआउट’.

इथवर सगळं सर्व्हरच्या पुढच्या दाराबद्दल झालं. आजकाल बहुतेक ठिकाणी मागचंही दार असतं. पुढे एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी, म्हणजे रिक्वेस्ट घेऊन मागे पोचवणारा मध्यस्थ, उभा असतो आणि त्याच्यामागे खरं ॲप्लिकेशन. माझ्या मते कीप-अलाइव्हचा खरा फायदा, आणि खरा मनस्तापही, मागच्या दारी असतो. पुढच्या दारी बाहेरचे लाखो अनोळखी ब्राउझर येतात, परत येतील की नाही याचा भरवसा नाही. मागच्या दारी तोच प्रॉक्सी दर सेकंदाला शेकडो वेळा त्याच ॲप्लिकेशनशी बोलतो. दर वेळी नव्याने ओळख कशाला करून द्यायची?

पण एनजिनएक्स नेमकं तेच करत आलाय. पुढून आलेल्या ब्राउझरशी तो एचटीटीपी १.१ बोलतो, पण मागे बोलताना वर्षानुवर्षं त्याचं डिफॉल्ट एचटीटीपी १.० होतं, आणि दर रिक्वेस्टमागे नवं कनेक्शन. हे डिफॉल्ट असलेल्या आवृत्तीत ते बदलायला तीन गोष्टी लागतात. ‘अपस्ट्रीम’ ब्लॉकमध्ये ‘कीपअलाइव्ह ३२’ अशी ओळ, ‘प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्जन’ला १.१, आणि ‘कनेक्शन’ हा हेडर रिकामा करणारी एक ओळ. पहिली लिहून दुसरी-तिसरी विसरलेल्या फायली मी मोजता येणार नाहीत इतक्या पाहिल्यात, त्यातल्या काही माझ्याच. एररही येत नाही, फरकही पडत नाही. आणि तो ३२ चा आकडा एकूण कनेक्शनांची कमाल मर्यादा नाही. प्रत्येक वर्कर प्रोसेसने गप्प अवस्थेत जास्तीत जास्त किती जपून ठेवायची, एवढंच तो सांगतो. गरज पडली तर कनेक्शनं त्याहून जास्त उघडतात. काम झाल्यावर वरकड बंद होतात.

मागच्या दारी कीप-अलाइव्ह नसेल तर एक भिंत आडवी येते, आणि ती वेगाची नाही, पोर्टांची, म्हणजे प्रत्येक कनेक्शनला लागणाऱ्या क्रमांकांची असते. लिनक्समध्ये जी बाजू आधी कनेक्शन बंद करते तिच्याकडे ते ‘टाइम-वेट’ अवस्थेत ६० सेकंद रेंगाळतं. उशिरा पोचलेलं एखादं भरकटलं पाकीट पुढच्या कनेक्शनमध्ये घुसू नये म्हणून ही काळजी. बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांसाठी डिफॉल्ट पोर्ट ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८,२३२. बंद करण्याची पहिली पाळी प्रॉक्सीची येत असेल तर प्रत्येक पोर्ट मिनिटभर अडकतं. भागून पाहिलं तर एकाच ॲप्लिकेशनच्या एकाच पोर्टाकडे दर सेकंदाला सरासरी ४७० च्या आसपास नवी कनेक्शनं उघडता येतात. त्यापुढे पोर्टच उरत नाहीत. मग लोक पोर्टांची कक्षा वाढवतात, कर्नलचे आकडे फिरवत बसतात. त्यापेक्षा वरच्या तीन ओळी लिहिल्या की प्रश्न मुळातच उरत नाही.

त्या लिहिल्या की मात्र एक नवी डोकेदुखी सुरू होऊ शकते, आणि ती मी स्वतः भोगली आहे. एका कामात लॉगमध्ये अधूनमधून ५०२, म्हणजे ‘मागून नीट उत्तर आलं नाही’ हा एरर, दिसायचा. हजारात एखादा. गर्दीशी संबंध नाही, उलट रात्री शुकशुकाट असताना जास्त. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये त्या रिक्वेस्टचा मागमूस नाही. आणि बळी नेहमी फॉर्म भरून पाठवणाऱ्याचाच. पान नुसतं बघणाऱ्याची कधीच तक्रार नाही. आम्ही दोन आठवडे ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये दोष शोधत होतो.

तो कोडमध्ये नव्हताच. प्रॉक्सी गप्प कनेक्शन ६० सेकंद जपून ठेवत होता आणि ॲप्लिकेशन मात्र ५ सेकंदांनी बंद करत होतं. आता असं समजा की ॲप्लिकेशनने बरोबर पाचव्या सेकंदाला ‘मी ठेवतो’ म्हणून निरोप पाठवला, आणि तो वाटेत असतानाच प्रॉक्सीने त्याच कनेक्शनवर नवी रिक्वेस्ट सोडली. दोन्ही निरोप वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. रिक्वेस्ट पोचली ती बंद दाराशी. प्रॉक्सीकडे उत्तर नाही, म्हणून ५०२. गर्दीत कनेक्शन पाच सेकंद गप्प राहतच नाही, म्हणून हा प्रकार रात्री. नुसतं पान मागणारी ‘गेट’ रिक्वेस्ट पुन्हा पाठवली तर बिघडत नाही, म्हणून प्रॉक्सी ती गुपचूप दुसऱ्यांदा पाठवून मोकळा होतो. फॉर्मची ‘पोस्ट’ रिक्वेस्ट तो स्वतःहून पुन्हा पाठवत नाही, कारण पहिली पोचली असेल तर तीच नोंद दोनदा व्हायची.

उपाय एका ओळीचा. ज्याच्याकडून रिक्वेस्ट निघते त्यानेच कनेक्शन आधी बंद करावं, म्हणून मागच्याचा टाइमआउट पुढच्यापेक्षा नेहमी मोठा ठेवायचा. प्रॉक्सी ६० सेकंद ठेवत असेल तर ॲप्लिकेशनला ७० द्या. डिफॉल्टांवर विसंबू नका, कारण ती एकमेकांना विचारून ठरलेली नसतात. एनजिनएक्स मागची गप्प कनेक्शनं डिफॉल्ट ६० सेकंद जपतो, तर ॲप्लिकेशन चालवणाऱ्यांपैकी नोडचा सर्व्हर वर्षानुवर्षं ५ सेकंदांत आणि गनिकॉर्न २ सेकंदांत बंद करत आलाय. सर्वांत पुढे लोड बॅलन्सर, म्हणजे अनेक सर्व्हरांत भार वाटणारा, असेल तर तीच शिडी एक पायरी लांबवायची: बॅलन्सर सर्वांत कमी, त्यामागचा प्रॉक्सी त्याहून जास्त, ॲप्लिकेशन सर्वांत जास्त.

एचटीटीपी २ आल्यावर हे सगळं मोडीत निघालं का? पुढच्या दारी बऱ्यापैकी. तिथे एकाच कनेक्शनवर अनेक रिक्वेस्ट एकाच वेळी चालतात, म्हणून सहाच्या जागी सहसा एक कनेक्शन पुरतं आणि ‘कनेक्शन’ हा हेडर तर पाठवायलाच मनाई आहे. गप्प कनेक्शन किती वेळ धरायचं हा प्रश्न मात्र तसाच आहे. एनजिनएक्समध्ये १.१९.७ पासून एचटीटीपी २ साठीही तोच जुना ‘कीपअलाइव्ह_टाइमआउट’ लागू होतो. मागच्या दारी अजूनही बहुतेक ठिकाणी १.१ च चालतं, तेव्हा वरची शिडी सोडू नका.

नावातल्या सारखेपणामुळे आणखी एक गोंधळ होतो. टीसीपीचं स्वतःचं एक कीपअलाइव्ह आहे आणि त्याचा याच्याशी संबंध नाही. ते ‘पलीकडचा जिवंत आहे ना?’ एवढंच अधूनमधून चाचपडून बघतं, आणि लिनक्सवर डिफॉल्ट म्हणजे २ तास शांततेनंतर! वाटेतला एखादा फायरवॉल गप्प कनेक्शनं गुपचूप विसरून जात असेल तर हा आकडा कमी करायचा. वेब सर्व्हरच्या टाइमआउटशी त्याची गल्लत करू नका.

बदल केल्यावर तो लागू झालाय का हे डोळ्यांनी बघावं. कर्ल या कमांडला ‘-व्ही’ देऊन एकाच ओळीत तोच पत्ता दोनदा मागितला की दुसऱ्या वेळी तो जुनंच कनेक्शन वापरतोय का ते स्वतः सांगतो. मागच्या दारासाठी प्रॉक्सीच्या मशीनवर ‘एसएस’ ही कमांड चालवून टाइम-वेटमधली कनेक्शनं मोजा. बदलाआधी हजारोंनी असतील तर नंतर ती धाडकन खाली यायला हवीत. अपाचेसोबत येणाऱ्या ‘एबी’ने वेग मोजत असाल तर ‘-के’ द्यायला विसरू नका. त्याशिवाय ते कीप-अलाइव्ह वापरतच नाही, आणि तुम्ही मोजत बसता नुसते हँडशेक.

राहता राहिली एका कनेक्शनवर किती रिक्वेस्ट होऊ द्यायच्या ही मर्यादा. अपाचेत ती डिफॉल्ट १०० आहे, एनजिनएक्समध्ये १.१९.१० पासून १,०००, आणि त्याच आवृत्तीपासून कनेक्शनचं एकूण आयुष्यही १ तासावर बांधलंय. कनेक्शन इतकं मोलाचं असेल तर ते तोडायचंच कशाला, असं वाटेल. समजा मागे तीन सर्व्हर आहेत, भार वाढतो, म्हणून तुम्ही चौथा जोडता. तुमचा बॅलन्सर रिक्वेस्टगणिक न वाटता कनेक्शनगणिक वाटणारा असेल तर जुनी कनेक्शनं जुन्या तिघांनाच चिकटून राहतात. तिघे घामाघूम, चौथा नुसता उभा, आणि तुम्ही पाचवा मागवायच्या तयारीत. अशा मांडणीत ही मर्यादा काढून टाकू नका. कनेक्शनं मधूनमधून तुटली तरच ती नव्याने वाटली जातात आणि चौथ्याच्या वाट्याला काही येतं.